द्रागोबेतेची धाव

“खा बाई, खा. तोंड हलव जरा. व्याह्याच्या पंगतीला बसल्यागत नखरे कसले?”

निस्तोर गायीच्या कानाशी पुटपुटत होता. आवाज हलका होता, पण गोठा एवढासा आणि त्याची बायको पाउना पाठीशीच शेण ओढत होती. तिला ऐकू आलं नसतं तरच नवल. ‘व्याही’ हा शब्द तोंडातून निसटल्यावर निस्तोरला एकदम खोकला आला. असा खोकला त्याला या हिवाळ्यात वरचेवर येई. छातीत त्याच्या काही नव्हतं.

“फळी आण,” तो म्हणाला.

पाउनाने खोरं भिंतीला टेकवलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, “वेता, ये गं. उठवायची आहे.”

थोरली गाय जोयाना. गुरुवारी जन्मली म्हणून जोयाना. धाकटी रविवारची, दुमाना. दूध त्यांचंच आणि नांगरही ओढायचा त्यांनीच, कारण बैल लढाईत सैन्याने नेले ते नेलेच. दुमाना अजून आपली आपण उठत होती. जोयानाच्या पोटात वासरू होतं, आणि आठवड्यामागून आठवडे तिच्या अंगावरचं मांस त्या वासराने आतून खाऊन टाकलं होतं. रात्री बसली की सकाळी तिला उठता येत नसे. मग पोटाखालून फळी सरकवायची, एका टोकाला निस्तोर, दुसऱ्या टोकाला मायलेकी.

“हं. आता!”

वेताच्या मानेवरची शीर टरारली. तिचे पाय शेणात घसरले, पण तिने टोक सोडलं नाही. गाय आधी मागून उठली, मग गुडघ्यांवर थोडा वेळ पाद्रीसमोर बसावं तशी थांबली, मग पुढून उठली. चारही पाय थरथरत होते. तिच्या कमरेची हाडं अशी वर आली होती की निस्तोर काम करताना आपली टोपी तिथे अडकवायचा.

“उभी राहिली,” निस्तोर म्हणाला. रोज म्हणायचा.

वेताने फळी जागेवर ठेवली, पाण्याची बादली गायीपुढे सरकवली, तिच्या गळ्यावरून हात फिरवला. गव्हाणीतलं गवत बाजूला सांडलं होतं, ते तिने उचललं नाही. ती वळली आणि निघून गेली. पाउनाने वाकून ते गोळा केलं. हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पोरगी गोठ्यातलं सगळं करायची. शेण काढायची, पाणी द्यायची, गाय उठवायची. गवताला मात्र नाताळानंतर तिने हात लावला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात फाजेत गावाकडे आभाळाने पाठ फिरवली होती. मे महिन्यानंतर थेंब नाही. मका गुडघ्याएवढा झाला आणि उभ्या उभ्या जळाला. कुरणावर विळा घालावा असं काही उगवलंच नाही. माणसं काय, कांदा-भाकरी नसेल तर नुसता कांदा खाऊन दिवस काढतात. जनावरांना आधी मक्याची ताटं घातली, मग ओकाचा पाला, मग गोठ्यावरचं शाकारलेलं छप्पर. निम्म्या गोठ्यातून आता आभाळ दिसायचं. तेवढं छप्पर गायींनी खाल्लं होतं.

आणि मग गेर्गिनाची गाडी आली.

मोत्रू नदीच्या काठाला विधवा गेर्गिनाचं कुरण होतं. नदी आटली तरी त्या पट्ट्याला खालून ओल लागत होती. गावात गवताची गंजी उभी असलेलं अंगण एकच उरलं होतं, तिचं. नाताळाच्या आधी एका संध्याकाळी ती स्वतः गाडी हाकत पाउनाच्या दारात आली. कुणी मागितलं नव्हतं. निदान पाउनाने तरी नव्हतं.

“मुकी जनावरं आहेत गं,” गेर्गिना म्हणाली. “माणूस काय, मागून खातो.”

वेताने तिला पाणी आणून दिलं. गेर्गिनाने लोटा घेतला तो पोरीच्या हाताकडे बघत. “हात मोठे आहेत हिचे,” ती म्हणाली. “मोठेच असावेत.” पाणी प्याली, गाडी वळवली, गेली. निस्तोर दिव्याच्या उजेडात गवताचा वास घेत उभा राहिला होता, आणि पाउनाने त्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पाणी तिने दोनदाच पाहिलेलं. दोन्ही वेळा मयताला.

जानेवारीत दुसरी गाडी आली तेव्हा गवत कशासाठी येतंय ते पाउनाला कळलं. निस्तोरला बहुधा पहिल्याच गाडीला कळलं असावं.

गेर्गिनाचा एकुलता एक मुलगा त्राइला. तिशी उलटलेला. लढाईवर गेला तेव्हा टेकडीवरून सगळ्यांत आधी खाली पोचणारा पोरगा म्हणून गेला, आणि परत आला तो पायाची बोटं रशियातल्या बर्फात ठेवून. दोन्ही पायांची. चालायचा तेव्हा अंगातून एकेक हिसका जायचा, खड्ड्यात चाक पडावं तसा. वाईट नव्हता. हीच तर अडचण होती. दारुडा असता, मारकुटा असता, तर नाही म्हणायला पाउनाला कुठे तरी बोट ठेवता आलं असतं. तो आपला अंगणात बसून फोकांच्या टोपल्या विणायचा. कुणी ‘काय त्राइला’ म्हटलं तर मान हलवायचा, पण तोंडाकडे बघायचा नाही. समोरच्या माणसाच्या पायांकडे बघायचा.

गेल्या वर्षी गेर्गिनाने दोन घरी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. एका घरात मुलगी लहान निघाली आणि दुसऱ्या घरात मुलीची आई आजारी निघाली. तिसरा उंबरा चढणार नाही, असं गेर्गिना तेव्हा चर्चच्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती. ती बाई बोललेलं पाळणारी. म्हणून मागणी घालायला ती कधी आली नाही. गवत घालायला आली.

मागणी घालायची नसेल तर द्रागोबेतेचा सण होताच.

फेब्रुवारी सरता सरता तो दिवस येतो. पाखरं त्या दिवशी जोड्या जमवतात. द्रागोबेते म्हणजे गोष्टींतल्या म्हाताऱ्या दोकियाचा राजबिंडा पोरगा. तो रानातून हिंडतो आणि ज्या पोरीवर नजर टाकतो तिचं वर्ष सोन्याचं करतो, असं म्हणतात. पोरी टेकडीवर जातात, पोरं मागून जातात. शेकोटी पेटते, थट्टामस्करी चालते, आणि दुपारची घंटा झाली की पोरी उतारावरून गावाकडे धावत सुटतात. ज्याच्या मनात जी असेल तिच्यामागे तो धावतो. गाठली, आणि तिच्याही मनात असलं, तर सगळ्या गावादेखत तिचा मुका घ्यायचा. मग पुढे घरच्यांना बोलायला काही उरत नाही. सणाने जमवलं म्हणायचं. मनात नसलं तर पोरीला पाय दिलेत देवाने. आणि वेताच्या पायांना तर गावात तोड नव्हती.

सणाच्या अलीकडे पाउना गेर्गिनाकडे लोकर पिंजायला गेली. कुणी बोलावलं नव्हतं, पण गवत खाल्लं की हात आपोआप उठतात. गेर्गिनाने तिला चुलीजवळची जागा दिली, घेवड्याचं कालवण वाढलं, आपण समोर बसली. दोघी पिंजत राहिल्या. लोकरीतून काटे निघत होते, मागच्या उन्हाळ्याचे.

“जोयाना उठते का गं?”

“उठवतो.”

“वासरू होईल. होईल बघ. गवत पोटात असलं की होतं सगळं.”

“देवाची कृपा.”

“हो, देवाचीच.” गेर्गिनाने लोकरीचा पेळू हातात तोलला. “वेता जाणार ना टेकडीवर?”

“सगळ्याच जातात.”

“जावंच. वय आहे.” तिने लोकरीतला एक काटा काढून चुलीत टाकला. “आमचाही जाईन म्हणतोय. मी म्हटलं, जा. घरात बसून टोपल्या काय विणतोस. थंडीत पाय आखडतात त्याचे, एवढंच. चर्चच्या अंगाची वाट मऊ आहे. ओकांच्या खालची. तिकडून बरं पडतं.”

“हो, मऊ आहे ती,” पाउना म्हणाली.

“पोरींना सांगावं तिकडून यायला. दगडांवरून पळतात मेल्या, पाय मोडून घेतील.”

“सांगेन.”

निघताना गेर्गिना दारापर्यंत आली. पाउना गंजीच्या कडेने गेली होती, तिच्या शालीला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. गेर्गिनाने त्या बोटांनी एकेक वेचून काढल्या, आपल्या पोरीची वेणी घालताना उवा बघाव्या तशा, आणि गंजीवर परत टाकल्या. “वाया कशाला,” ती म्हणाली. मग गंजीवर हात थोपटून, “ही राहिलेली आहे ना, ही सणानंतर पाठवते तुमच्याकडे. सण होऊन जाऊ दे.”

पाउनाने मान डोलावली. रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून मान डोलावतोच आहोत.

घराच्या कुंपणाशी शेजारची तिंका काकी उभी होती. तिंकाला दात नव्हते आणि लग्न झालेलं नव्हतं. दोन्हींविषयी ती सारखंच बोलायची, गेले तर गेले, चावायचं तरी काय होतं.

“आलीस लोकर पिंजून? बरं मऊसूत झालंय का सगळं?”

“झालं हो काकी.”

“माझं ऐक. पोरीच्या घागऱ्यात दगड शिव. नाहीतर त्या लंगड्याला दुर्बीण घेऊन पळावं लागेल तिच्यामागं.”

पाउना हसली. हसू आलं म्हणून नव्हे. न हसती तर तिंका पुढचं वाक्य बोलली असती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी पाउनाने पेटीतून जाड लोकरीचा घागरा काढला आणि त्याच्या काठाला आणखी एक पट्टी लावायला घेतली. सणादिवशी सुई हातात धरायची नसते, म्हणून आदल्या दिवशी. वेता चुलीवर मक्याचं पीठ ढवळत होती. पातेलं मोठं आणि पीठ तळाशी, त्यामुळे ढवळण्याचा आवाज रिकाम्या हौदात काठी फिरवावी तसा येत होता.

“तो कुणाला?” तिने विचारलं.

“तुला. थंडी आहे वर.”

“आई, हा घागरा आजीने कडाक्याच्या बर्फात घालायचा. यंदा बर्फ पडला तो कितीसा?”

“नवी पट्टी लावतेय. शोभेल.”

वेताने हात पुसले, घागरा उचलला, तोलला. मग परत आईच्या मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं इतक्या अलगद.

निस्तोर दारातून आत आला. त्याच्या हातात त्याचे स्वतःचे बूट होते, सैन्यातून आणलेले, खिळ्यांचे. “हे घाल उद्या,” तो म्हणाला. “वाट निसरडी आहे.”

“निसरडी?” वेता म्हणाली. “बाबा, नऊ महिन्यांत थेंब नाही पडला. कशाने निसरडी झाली?”

“पाला असतो.”

“पाला गायींनी खाल्ला.”

निस्तोरला खोकला आला. खोकत खोकतच त्याने बूट चुलीजवळ मांडले, एकमेकांना नीट चिकटवून. मग तो बाहेर गेला. गोठ्यातून त्याचा आवाज येत राहिला. गायीशी तो खूप बोलायचा, घरात बोलायला सुचत नसे तेव्हा.

ताटावर बसल्यावर कुणी त्राइलाचं नाव घेतलं नाही. कांदा कुणाला हवा, मीठ संपत आलंय, दुमानाचा खूर बघायला हवा, असं बोलणं झालं. पाउनाला एकदा वाटलं, आता बोलावं. तोंडही उघडलं. निस्तोरने तिच्यापुढे भाकरीचा तुकडा सरकवला आणि तिने तो तोंडात घातला.

सकाळी जोयाना उठली नाही.

फळी घातली, दोनदा उचललं, दोनदा ती परत बसली. सणादिवशी काम केलं तर पाखरं वर्षभर टोमणे मारतात. निस्तोर वर बघून म्हणाला, “मारू देत. माझं तोंड कुठं आहे परत बोलायला.” तिसऱ्या वेळी वेताने फळी सोडली, गायीच्या पोटाखाली आपली पाठ घातली आणि गुडघ्यांवर जोर देऊन वर आली. गाय तिच्यासोबत वर आली. पोरीचे डोळे लाल झाले होते, ओठाला दात लागून रक्त आलं होतं. गाय उभी राहिली, तरी ती बराच वेळ तिच्या खालून निघाली नाही. हात तिच्या पोटावर होता.

“हलतंय,” ती म्हणाली. “जिवंत आहे आत.”

पाउनाने गव्हाणीत बघितलं. तळाला एक वीत गवत होतं.

या सणाच्या सकाळी राहिलेला बर्फ वेचून आणतात. तो पऱ्यांच्या हसण्यातून पडलेला असतो, त्याच्या पाण्याने तोंड धुतलं की पोर साजरी दिसते. यंदा पऱ्यांना हसू फारसं आलंच नव्हतं. तरी नाल्याच्या उत्तरेकडच्या काठाखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे मळकट बर्फाचा एक पट्टा उरला होता. मायलेकी मडकं घेऊन तिथे गेल्या. वरचा काळा थर वेताने नखांनी खरवडला, खालचा पांढरा मडक्यात भरला. नाल्यात दुसरं कुणी नव्हतं. बीचच्या झाडाच्या फांदीवर पाखरं भांडत होती का जमवत होती, सांगणं कठीण.

वेता टाचांवर बसली. हात बर्फाने लाल झालेले. “आई,” ती म्हणाली, “तुला काही सांगायचंय का मला?”

पाउनाने मडक्यात हात घातला. बर्फ अजून विरघळला नव्हता, पाणी कुठेच नव्हतं. तिने बर्फच ओंजळीत घेतला आणि पोरीच्या गालांना लावला, कपाळाला लावला.

“तोंड धू,” ती म्हणाली.

“धुते.”

“नीट धू.”

वेता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बर्फाचे थेंब हनुवटीवरून गळत होते. “तू सांग, मी ऐकेन,” ती म्हणाली. “बाबांना नाही जमायचं ते. तू सांग. पळ म्हण, नाहीतर थांब म्हण. काय ते तुझ्या तोंडून येऊ दे.”

“मी काय सांगू? सण आहे. सणात ज्याचं त्याचं असतं.”

“असं.”

“असंच असतं गं. माझ्या वेळीही असंच होतं.”

“तू पळाली होतीस?”

पाउना उठली. गुडघे वाजले. “चल,” ती म्हणाली. “केस ओले राहतील.”

वेताने खरंच तो जाड घागरा घातला. बापाचे बूटही घातले. पाउनाने हे बघितलं तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. पोरगी भांडली असती, घागरा फेकला असता, तर तिला रागावता आलं असतं. ही तर सांगाल ते अंगावर चढवत होती.

दुपारपर्यंत टेकडीच्या पायथ्याला सगळं गाव गोळा झालं. सणाला बाया बाजूला बसतात आणि खाली कोण पोचतं ते बघतात. वर शेकोटीचा धूर दिसत होता. पोरं फार नव्हती. काही लढाईतून आलीच नव्हती, आणि आली त्यांतली काही पोरं राहिली नव्हती. गेर्गिना सणाची शाल घेऊन पाउनाशेजारी बसली. शालीखालून तिने आलुबुखाराच्या दारूची बाटली काढली. “घे,” ती म्हणाली. “आज चालतं.” पाउनाने घोट घेतला. मागे निस्तोर पुरुषांत उभा होता. त्यालाही कुणी घोट दिला. त्याने जास्त घेतला.

त्राइला ओकांच्या खालच्या मऊ वाटेवर उताराच्या मधोमध उभा होता. काठी त्याने कुठे तरी टाकली होती. बाकीची पोरं वर होती. तो इतक्या खाली का उभा आहे हे कुणी विचारलं नाही. पांढरा सदरा, नवा पट्टा, टोपीत घंटीच्या आकाराची दोन पांढरी फुलं. यंदा तीही दुर्मीळ झाली होती, कुठे कुठे शोधली असतील त्याने. तो इथूनही जमिनीकडे बघताना दिसत होता.

“उन्हात उभाय,” गेर्गिना म्हणाली. “टोपी तरी घातलीय.” पाउनाला एका क्षणासाठी तिची दया आली. मग गंजी आठवली. मग गायीखाली वाकलेली पाठ आठवली. कुठे बघावं ते तिला कळेना.

चर्चची घंटा झाली.

वरून एक किंकाळी उठली आणि पोरी सुटल्या. घागरे उचललेले, वेण्या उडतायत, बाया खालून ओरडतायत, “डावीकडे गं, डावीकडे!” सुताराच्या पोरीला नव्या शिक्षकाच्या भावाने पहिल्याच वळणावर गाठलं आणि इतका जोरात मुका घेतला की दोघं पडली. टाळ्या, शिट्ट्या. दुसरी एक पोरगी दोघांना हुलकावणी देऊन खाली पोचली आणि आईच्या मांडीत पडून हसत सुटली. तिंका बोळक्या तोंडाने ओरडत होती, “अरे मला कुणी धरा रे! मी तर बसलेय इथं!”

वेता सगळ्यांत शेवटी बीचच्या झाडांतून बाहेर आली.

ती चालत होती.

आधी कुणाला कळलं नाही. पाय मुरगळला असेल असं वाटलं. पण ती लंगडत नव्हती. हात बाजूला सोडलेले, मान सरळ, विहिरीवर पाणी आणायला जावं तशी ती उतारावरून येत होती. दगडांची वाट नाही, मऊ वाट घेतली होती तिने. बापाचे बूट एकेक पाऊल टाकत होते आणि त्यांच्या खिळ्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, कारण खालचा आवाज बंद पडत चालला होता. हसणारी पोरगी आईच्या मांडीतून उठून बसली. खाली पोचलेल्या आपल्या पोरीला सुताराने घट्ट धरून ठेवलं.

त्राइलाने तिला येताना बघितलं. आता त्याने काय करायचं? तो धावायला निघाला, कारण धावायचं असतं. हिसका, हिसका, हिसका. चढाच्या दिशेने. तो धावतोय आणि ती चालतेय, समोरासमोर. सबंध गावाने ते बघितलं. एका बाईने डोळ्यांवर शाल ओढली. तो तिच्यापुढे जाऊन थांबला, धापा टाकत. तिनेही पाय थांबवले. ती मागे सरली नाही, बाजूला झाली नाही. घ्यायचं तर घे, अशी उभी राहिली.

मुका घेता आला असता त्याला. अडवणारं कुणी नव्हतं.

त्याने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. फार दूर नव्हती ती दोघं, आणि इतकं शांत होतं की त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“पळ ना,” तो म्हणाला. “थोडी तरी पळ, वेता. दिसण्यापुरती.”

ती हलली नाही.

“मी नाही गाठणार. गाठलं तरी सोडीन. पण पळ. सगळे बघतायत.”

“लाजते हो पोर!” गेर्गिना उठून उभी राहिली, टाळी वाजवायला लागली. “लाजते! अगं, पळ की! आमच्या वेळी पण अशाच लाजायचो आम्ही!” ती हसली. तिच्यासोबत कुणी हसलं नाही. टाळी वाजत राहिली, एकटीच, मग थांबली. ती पाउनाकडे वळली, खांद्याला धरून तिला हलवलं. “अगं, सांग ना तिला! तुझं ऐकेल. पळ म्हण!”

पाउना उठली. तिला वाटलं, आपण गेर्गिनाने सांगितलं म्हणूनच उठलो, हात उठतात तसे पायही उठले. सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. मागे निस्तोर पुढे यायला लागला होता. “पाउना,” तो म्हणाला, “पाउना, जोयाना...” आणि वाक्य तिथेच सोडलं, कारण बोलण्यासारखं त्यात एवढंच होतं.

वर पोरगी उभी होती. अंगावर आजीचा घागरा, पायांत बापाचे बूट. आईकडे बघत होती, सकाळी नाल्यात बघत होती तशीच.

“ती कशाला पळेल?” पाउना म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, गायीला उठवताना येतो तसा, पोटातून. “गवताच्या बदल्यात दिलीय आम्ही तिला. मी आणि तिच्या बापाने. गवत घेतलं, गायींना घातलं, आणि पोर देऊन टाकली.”